वरचा एक फूट

"भाऊसाहेब, रस्त्याकडची भिंत किती उंच बांधता येते?"

जसोदा हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. सरला दाराआड तोंड दाबून उभी होती.

ग्रामसेवकांनी चष्मा सावरला. "पाच फूट. त्यापुढे पंचायतीची परवानगी. का गं?"

"शाळेत विचारलंय."

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या दाराखालून एक निनावी अर्ज आत सरकला. अक्षर मोठं वळणदार होतं.

जसोदाची सातवी झाली होती. पुढची शाळा नंदुरबारला, आणि गावातली एकही मुलगी तिकडे गेली नव्हती. ती विचारून विचारून थकली. तिचा बाप, भटू पाटील, एवढंच म्हणायचा, "भिंत व्हऊ दे, मंग दखू."

आणि अंगणाची भिंत रोज चढत होती. सहा फूट झाली. आतल्या बाजूला त्याने चार हात रुंद काळा गिलावाही करून घेतला. जसोदाला अंगणात बसवेना. तुरुंगच की हा.

त्यात सरलाचे वडील उखाकाका चारपाच जणांना घेऊन रोज येत. ती पाणी घेऊन गेली की सगळे गप्प. स्थळाचीच बोलणी, दुसरं काय?

बुधवारी सकाळी ग्रामसेवक टेप घेऊन आले.

"पाटील, परवानगी नाही. तक्रार आलीय. वरचा एक फूट उतरवा."

गवंड्याने पहिली वीट काढली, तेव्हा जसोदाने दारामागे सरलाचा हात घट्ट दाबला.

दुपारपर्यंत भिंत पाच फुटांवर आली. भटू पाटील ओट्यावर बसून राहिला. उखाकाका धापा टाकत आले.

"भटूभाऊ, आते कसं? उद्या साहेब येनार शे."

बाप उठला. त्याने सकाळच्या टपालाचा कागद जसोदाच्या आईच्या, मंगलाबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो लेकीपुढे धरला. "वाच वं, काय लिखेल शे."

जसोदा वाचू लागली. "आपल्या अंगणात मुलींचा आठवीचा वर्ग भरवण्यास मंजुरी. पालकांच्या अटीप्रमाणे रस्त्याकडे सहा फूट भिंत असावी. गुरुवारी शिक्षण खात्याच्या साहेबांची पाहणी."

खाली सात नावं होती. पहिलं तिचं, दुसरं सरलाचं.

"मंजुरी येवापर्यंत पोरीसले सांगानं नहीं, आसं ठरेल व्हतं," उखाकाका म्हणाले. "भिंत नहीं, तं पोरी कोन धाडी?"

जसोदाने काळ्या गिलाव्याकडे पाहिलं. एका कोपऱ्यात बापाने खडूने रेघ ओढून पाहिली होती.

सरला कधीच पळाली होती. जसोदा आईबापासमोर येऊन उभी राहिली.

"मी पंचायतमा जास. पहिला अर्ज मन्हा व्हता. परवानगीना बी मीच लिखसू."