पंधरावं जहाज

लेक बोटीची जुनी नोंदवही घेऊन बाबांसमोर बसली होती. युद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्याला संरक्षण देणाऱ्या त्या बोटीवर बाबा टेहळणीला होते. बोटीचा इतिहास उद्या संग्रहालयाला द्यायचा होता आणि एका गोष्टीनं तिच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

पाळी संपताना टेहळणीवाल्यानं ताफा मोजून आकडा लिहायचा, ही बोटीवरची शिस्त. निघाली चौदा जहाजं, पोचलीही चौदाच. मधले नऊ दिवस मात्र बाबांच्या प्रत्येक पाळीला आधी पंधरा लिहिलेलं होतं आणि मग ते खोडून चौदा.

"बाबा, स्वतःचीच बोट मोजत होतात की काय?" तिनं हसून विचारलं.

"आम्ही काय दूधखुळे होतो?" बाबा उखडले. "मोजली की पंधराच भरायची. कप्तान म्हणायचे, कागदावर चौदाच ठेवा."

"मग पंधरावं कुठलं?"

"कोण जाणे. रोज वेगळ्या जागी दिसायचं. रोज जरा जवळ."

ती खुर्चीत चुळबुळली.

भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे चार वाजले. बोटीवर याच वेळी पाळी बदलायची. जुन्या सवयीनं बाबांनी खोलीभर नजर फिरवली, तिचं पेन उचललं आणि तिच्या वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. तीन.

"अहो बाबा, आपण दोघंच आहोत."

 बाबांनी तीन खोडून दोन लिहिलं आणि पाय आखडून घेत कुणाला तरी वाट करून दिली.