रविवारी परत

"साहेब, उद्या नाशिकला चालले. भाचीचं लग्न आहे. रविवारी परत," पोलीस ठाण्यात शिरता शिरता ईश्वरीबाईंनी सांगून टाकलं आणि भाजलेल्या पापडांचा डबा टेबलावर ठेवला.

हवालदार भालेराव हसायलाच लागले. "आजी, कालच ना तुम्हाला नागरिकत्वाचा दाखला मिळाला? जळगाव सोडताना इथे सांगायचं ते पाकिस्तानी पासपोर्ट होता म्हणून. आता तुम्ही इथल्याच."

ईश्वरीबाई मटकन बाकावर बसल्या. सिंधमधून आल्यापासून त्या साध्या बारशालासुद्धा इथे सांगितल्याशिवाय गेल्या नव्हत्या. "मग मी गावाला गेले हे कळणार कुणाला?"

"तुम्ही सांगाल त्याला."

आधी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग हळूहळू गंमत वाटायला लागली. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघाल्या.

भालेरावांनी पापडाचा तुकडा मोडत सवयीनं विचारलं, "रविवारी नक्की ना परत?"

ईश्वरीबाई दारातच थांबल्या.

"बघू आता," त्या म्हणाल्या. "करमलं तर राहीन चार दिवस जास्त."