दात्याचा नंबर

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मोनालीने लॅपटॉपवर प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा तेच: कनेक्शन नाही. अपघातात सापडलेल्या तिच्या भावाला, नितेशला, बॉम्बे ग्रुपचं दुर्मिळ रक्त हवं होतं. ते अमरावतीत नव्हतं, अकोल्यातही नव्हतं. रक्तदात्यांचं हे ॲप नितेशनेच बनवलेलं. पण रक्तगटांपुढचे दात्यांचे फोन नंबर दूरच्या डेटाबेसमध्ये, आणि तो जुन्या कोडला दारातही उभं करेना. “काहून लागून नाही राह्यलं, माय?” नितेशच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून आईने विचारलं. “लागते, आई. दम धर.” मोनालीने कोडमध्ये नवी लायब्ररी, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा तयार कोड, जोडली, पासवर्ड टाकला. कनेक्शन लागलं! तिने रक्तगट विचारला. अख्ख्या वऱ्हाडातून एकच नंबर आला, नावाशिवाय. नर्सने धावत जाऊन काउंटरवरून तो फिरवला. “रिंग जाऊन राहिली!” ती तिथूनच ओरडली. पिशवी मांडीवर ठेवून आईने हात जोडले. पिशवीत नितेशचा फोन वाजायला लागला.