दह्याचा रुमाल

"तिकडे दही मिळतं?" सात वर्षांच्या शाल्मलीने विचारलं. हॅम्बुर्गला राहायला जायचं ठरल्यापासून तिचं पोट दुखत होतं. तिथली शाळा, बाग, बंदरातली जहाजं, सगळं दाखवून झालं. पोटाचं मत बदललं नाही.

"मिळतं की!" मी म्हणालो.

"ते त्यांचं. आपलं नाही."

हा मुद्दा माझ्या तयारीत नव्हता. आजीने, म्हणजे माझ्या आईने, मात्र वाद न घालता एक सुती रुमाल दह्यात बुडवला, वाळवला आणि नातीच्या हातात दिला. "यात आपलं विरजण झोपलंय. तिकडे कोमट दुधात बुडव, जागं होईल. जबाबदारी तुझी. बाबाच्या हातात देऊ नकोस." पोटदुखी त्याच दिवशी थांबली.

आजी बाबाला ओळखून होती. हॅम्बुर्गच्या पहिल्याच आठवड्यात मी मळके कपडे धुतले, त्यात एक कडक, पिवळट रुमालही धुतला. लक्षात आल्यावर तो गुपचूप वाळवून शाल्मलीच्या खणात ठेवला. संध्याकाळी तिने तो दुधात बुडवला. त्या दुधात मी आधीच दुकानातलं दही कालवलं होतं. सकाळी तिने वाटी चाटूनपुसून संपवली. भांड्यात उरलेलं मी चाखलं. अगदीच त्यांचं होतं. ओट्यावरचं आईचं झाकलेलं मडकं आठवलं.

आजीचा फोन आला. "लागलं का गं दही?"

"एकदम आपल्यासारखं, आजी!"

फोन ठेवून ती दप्तर भरायला लागली. "बाबा, रुमालाला साबणाचा वास येत होता," ती म्हणाली. "पण आजीला सांगू नकोस हं. तिचं पोट दुखेल."