नाटकातलं कोकरू

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत स्नेहसंमेलन झालं. चौथीतली दैवशाला नाटकात मेंढपाळीण झाली होती. पोरकं कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ते स्टेजवर तिच्या मागंमागं चाललं. परभणीहून आलेल्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. भाषणं संपल्यावर तिला कोकरू सापडेना. शाळेमागं तिचा बाप उमाजी हात धूत होता. चुलीवर पातेलं चढलं होतं, बाभळीला कातडं टांगलेलं होतं. "सरपंचायनं मागितलं. आपल्याला त्यांच्याच रानात मेंढरं चारायची हायती," तो म्हणाला. "रडू नको. चल, पाणी वाढ." पंगतीत साहेबांनी तिला ओळखलं. "खूप छान काम केलंस, बाळ. तुझं कोकरू कुठंय?" सरपंच हसले. "चरायलंय, साहेब." बापानं डोळ्यानं खुणावलं. दैवशालानं साहेबांचा ग्लास काठोकाठ भरला आणि मान हलवली. "व्हय," ती म्हणाली, "चरायलंय."