नोटपॅडचं आडनाव

कुसुमताईंनी नोटपॅडमध्ये लिहिलेली फाईल पुन्हा उघडली. त्यांच्या ‘शेटे रांगोळी क्लास’चं वेबपेज रंगीत दिसायला हवं होतं, पण पडद्यावर नुसते कंसच कंस!

“अगं, नावाच्या शेवटी एचटीएमएल लिहिलंय की मी!” त्या सुनेवर करवादल्या.

ऋजुताने फाईलचं पूर्ण नाव उघडून दाखवलं. एचटीएमएलच्या पुढे आणखी एक टीएक्सटी लटकत होतं.

“हे कुठलं शेपूट? मी नाही हो लावलं.”

“नोटपॅडनं लावलं, आई. फाईल त्याच्या घरात आली ना, म्हणून न विचारता स्वतःचं आडनाव जोडून टाकलं.”

“आगाऊच दिसतोय मेला! तिचं चांगलं धडधाकट नाव होतं की!” कुसुमताईंनी टीएक्सटी पुसलं, फाईल उघडली, आणि पडद्यावर रांगोळीचा मोर पिसारा फुलवून उभा राहिला. त्या टाळी वाजवणार, तोच थबकल्या. सून गालातल्या गालात हसत होती.

कुसुमताईंनी पाटीवाल्याला फोन लावला. “आमच्या दारावरची पाटी रंगवायची थांबवा हो. ऋजुता शेटे नको, ऋजुता काळसेकरच लिहा. तिला विचारायचंच राहिलं होतं.”