अडकलेलं चित्र

"आता बघ," मुलगी म्हणाली आणि तिने एंटर दाबलं.

स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत काही ओळी भराभर सरकल्या. स्क्रीनवरच्या खिडक्यांना दिलेल्या शोभेच्या सावल्या गेल्या, डोंगराचा फोटो जाऊन नुसता राखाडी रंग आला, मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम एकेक करून मिटले. कॉम्प्युटर जुना, त्याचं ग्राफिक्स कार्ड त्याहून जुनं. नवा घेऊ म्हटलं की आई म्हणायची, "चालतंय तोवर चालू दे." म्हणून मुलीने दुपारभर बसून ही छोटीशी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालवली की सगळा फापटपसारा आपोआप बंद व्हायचा आणि मशीनची होती नव्हती तेवढी ताकद व्हिडिओ कॉलला मिळायची.

"माउस कसला पळतोय गं!" आई हरखली. "दादा आता नीट दिसेल?"

"दिसेल. आज तुझ्या ऑपरेशनचं स्पष्ट विचार त्याला. डॉक्टर आपल्यासाठी थांबलेत."

एरवी नेमकं त्याच वेळी चित्र अडकायचं. आईने 'कधी येतोस' म्हटलं, की मुलाचा चेहरा स्क्रीनवर थिजायचा, मग कॉल तुटायचा. आई कॉम्प्युटरवर करवादायची, "मेल्या, तुला आत्ताच काय धाड भरली?" मुलावर ती कधी चिडली नव्हती.

कॉल लागला.

"बोल आई!" तो हसला. चित्र इतकं स्वच्छ होतं, की त्याच्या कानावरचे पांढरे केससुद्धा दिसले.

"किती पिकलास रे! जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो गं. तू कशी आहेस?"

"बरी आहे म्हणायचं. ऑपरेशन करावंच लागेल म्हणतात." आईने खुर्ची पुढे ओढली. "मला भीती वाटते रे. तू काही करू नकोस, नुसता येऊन जवळ बस. येशील?"

"अगं आई, त्याचं काय आहे..."

त्याचा आवाज तुटला. ओठ अर्धवट उघडे, एक हात हवेत, नजर एका जागी.

"अडकलं बघ मेलं!" आई हळहळली.

मुलीने काळ्या चौकटीकडे पाहिलं. मशीनवर काहीच ताण नव्हता. सगळं सुरळीत चालू होतं.

तेवढ्यात दादाच्या पाठीमागचं दार उघडलं. वहिनी धुतलेले कपडे घेऊन आत आली. तिने खिडकी उघडली, नवऱ्याकडे पाहून जागीच थबकली, आणि चवड्यांवर चालत बाहेर निघून गेली. वाऱ्याने पडदा फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला. दादा तसाच होता. मग त्याची पापणी लवली.

आईकडे बघायचं मुलीला धाडस होईना. तिची बोटं कीबोर्डवर गेली. ती स्क्रिप्ट बंद करावी, काढलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी घालावं, असं तिला फार वाटलं.

आई स्क्रीनच्या अगदी जवळ झुकली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"कॉल बंद कर गं," ती हळूच म्हणाली. "हात अवघडला असेल त्याचा."